डीओ व्हायचंय? आधी एवढं कर

डीओ (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) हे खरे डॉक्टर असतात का, असं तू विचारलंस. डीओ म्हणजे फक्त हाडं बसवणारे, असं बऱ्याच जणांना वाटतं, त्यामुळे तुझा प्रश्न रास्तच आहे. अमेरिकेत डीओ हे पूर्ण डॉक्टर असतात: औषधं लिहून देतात, शस्त्रक्रिया करतात, एमडींसोबत (तिथली नेहमीची डॉक्टरकीची पदवी घेतलेल्यांसोबत) त्याच रेसिडेन्सीत, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणात, शिकतात. चार वर्षांत हातांनी करायच्या तपासणीचं आणि उपचारांचं सुमारे २०० तासांचं शिक्षण जादा मिळतं. इतर अनेक देशांतले ऑस्टिओपॅथ (हातांनी उपचार करणारे) मात्र डॉक्टर नसतात. माहिती शोधताना इथेच गल्लत होते.

सुरुवातीला दोनच गोष्टी:

- एखाद्या डीओसोबत काही दिवस थांबून काम जवळून बघ. काही कॉलेजं डीओचंच शिफारसपत्र मागतात.
- 'एमडी नाही तर डीओ' असं धरून अर्ज करू नकोस. मुलाखतीत ते लगेच कळतं.

कॉमलेक्सची, म्हणजे डीओंच्या परवाना परीक्षेची, काळजी आत्ता नको. एमकॅटची (मेडिकल कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेची) तयारी कर, अर्ज लवकर भर.