आधी वही, मग कर्नाल

बाबू,

तुझं पत्र मिळालं. कुत्र्यांच्या शोमध्ये तुझ्या चंद्री कुत्रीला 'गावठी' म्हणून रिंगणाबाहेर काढलं, आणि तू मला विचारतोस की जातीचा दाखला कुठं मिळते. लेका, दाखला कुत्र्याला नाही मिळत, वहीला मिळतो.

चंद्रीच्या आईचा बाप कोण? तोंडी नको, लिहून दाखव. परदेशातली एफसीआय, म्हणजे कुत्र्यांच्या जातींना मान्यता देणारी जागतिक संघटना, नव्या जातीसाठी आठ वेगवेगळे वंश मागते. एकेका वंशात किमान दोन नर, सहा माद्या, आणि तीन पिढ्यांत एका वंशाचा पूर्वज दुसऱ्या वंशाशी जुळता कामा नये. तुझ्या एका वाड्यावर हे होणार आहे का? आर्वी-कारंजाकडच्या धनगरांचे सगळे वाडे हिंडावे लागतील.

डेन्मार्क-स्वीडनच्या कास्तकारांचंही असंच एक कुत्रं होतं, वाड्यातले उंदीर मारणारं. १९८७ साली दोन्ही देशांनी मिळून त्याला नाव दिलं. एफसीआयची पक्की मान्यता आली २०१९ ला. बत्तीस वर्षं! आणि तुला पुढच्या शोपर्यंत पाहिजे.

आपला रस्ता हरियाणातल्या कर्नालच्या ब्यूरोचा; देशातल्या जनावरांच्या जाती तिथं नोंदतात. आपली पूर्णाथडी म्हैस, कठाणी गाय तिथंच नोंदली गेली. कुत्र्यांत मुधोळ, राजापालयम, चिप्पीपराई. तिथं एका चंद्रीचा फोटो चालत नाही. अशी कुत्री किती, कोणत्या गावांत, उंची-वजन किती, पिल्लं आईबापावर जातात का, हे सगळं लागते. म्हणून म्हणतो, वही.

माझ्या वाघ्याच्या पाच पिढ्या मला पाठ होत्या. लिहायला मी काय तलाठी आहे, असं म्हणायचो. गावात अल्सेशियन आला तेव्हा सगळ्यांनी आपापल्या कुत्र्या त्याला लावल्या. मी नाही लावली. सख्ख्या भावाशी अबोला धरला, आणि तेव्हा माझंच बरोबर होतं, आजही म्हणतो. मग एका पावसाळ्यात डिस्टेंपरनं, कुत्र्यांच्या त्या साथीच्या रोगानं, वाडा रिकामा केला. लस का दिली नाही, विचारशील. दवाखाना नदीपलीकडं, अन् नदीला पूर. पण माझी पिल्लं कोणाकोणाकडं गेली होती, ते आठवेना. पूर काही वहीच्या आड आला नव्हता.

रविवारी ये. चंद्रीला आण, शिंप्याची टेप आण. आणि तिची पिल्लं कोणाला दिलीस, ती नावं निघायच्या आधी लिहून काढ. कोरी वही आणलीस तर चहा नाही.