एक ऑर्डर मिळवायला किती खर्च परवडतो?

हाताने बांधलेल्या वह्या ऑनलाइन विकणाऱ्या एक ताई समुपदेशनाला आल्या. त्यांची तक्रार अगदी नेहमीची होती : "जाहिरातीचं बजेट इतकं लहान आहे की टाकलेले पैसे कुठे गेले तेच कळत नाही. मोठ्या लोकांपुढे आपला काय निभाव लागणार? बंदच करावं वाटतं." झोप उडाली होती. रात्री अकरा वाजता आकडे बघायचे, ऑर्डर दिसली नाही की तेव्हाच फोटो बदलायचा, दुसऱ्या दिवशी मजकूर, तिसऱ्या दिवशी प्रेक्षकवर्ग.

अशा वेळी आधी जाहिरात उघडायची नाही, वहीचा हिशोब मांडायचा. तिची किंमत १०० भाग धरली. कागद, पुठ्ठा, दोरा, कापड ४० भाग. पॅकिंग आणि कुरिअर २०. पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) आणि विक्रीच्या मंचाचा वाटा ५. मजुरी ताईंनी धरलीच नव्हती; ती १५ धरायला लावली, कारण स्वतःच्या हातांचं काम फुकट समजलं की पुढचा प्रत्येक आकडा खोटा येतो. उरले २० भाग. एक ऑर्डर मिळवायला याहून जास्त खर्च झाला, तर विक्री वाढेल तसा तोटा वाढेल.

त्यांना एक क्लिक साधारण १ भागाला पडत होता. पन्नास जणांमागे एक जण घेतो असं धरलं, तरी ऑर्डरमागे खर्च ५० भाग. म्हणजे एकेक वही जाहिरातीतून विकणं परवडणारच नव्हतं; बजेट दहापट असतं तरी नाही. हे ऐकून ताई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या वह्या वाईट नाहीत?" तो प्रश्न महिनाभर त्यांच्या मनात होता.

मार्ग वहीच्या संचात सापडला. तीन वह्यांचा संच ३०० भागांचा. सामान १२०, मजुरी ४५, शुल्क १५. पार्सल मात्र एकच, म्हणून पॅकिंग-कुरिअर ६० ऐवजी ३०. हाती उरतात ९० भाग. आता नव्वद क्लिकांमागे एक संच गेला तरी बरोबरी होते. म्हणून ठरलं : जाहिरात फक्त संचाची, सुटी वही दुकानात असू द्या.

दुसरी अडचण पैसे वाटण्याची. महिन्याचं बजेट ३०० क्लिकांचं, दिवसाला १०. ते पाच जाहिरातींत विभागलेलं, म्हणजे प्रत्येकीला दिवसाला दोन. दोन क्लिकांतून कोणाला काय कळणार? फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाच्या जाहिरात-यंत्रणेला एका अ‍ॅड सेटमागे (एकत्र चालणाऱ्या जाहिरातींच्या गटामागे) आठवड्यात साधारण ५० निकाल, म्हणजे इथे ऑर्डर, मिळाले की ती स्थिरावते, आणि मोठा बदल केला की शिकणं पुन्हा पहिल्यापासून. ताईंच्या बजेटात आठवड्याला ५० ऑर्डर येणं शक्यच नाही. त्यात रोज रात्रीच्या बदलांनी होतं नव्हतं तेही पुसलं जात होतं.

इथे नशिबाचा भागही समजून घ्यायला हवा. खरोखर पन्नासात एक जण घेणार असेल, तरी पहिल्या २० क्लिकांत एकही ऑर्डर न येण्याची शक्यता ६७ टक्के असते. ५० क्लिकांनंतरही ती ३६ टक्के उरते, १०० नंतर १३. ताई वीस-पंचवीस क्लिकांवर जाहिरात बंद करत होत्या. चांगली जाहिरातसुद्धा तिथे बहुतेक वेळा नापासच झाली असती.

म्हणून महिनाभर थेंब-थेंब न टाकता सगळं बजेट दहा दिवसांत, एकाच ठिकाणी लावायचं ठरलं. ठिकाण निवडलं गूगलवरच्या शोध-जाहिरातींचं, कारण तिथे माणूस स्वतः वस्तू शोधत येतो. 'हाताने बांधलेली वही', 'कोऱ्या पानांची वही भेट' अशी चार-पाच वाक्यं, एक्झॅक्ट मॅचमध्ये, म्हणजे तोच अर्थ शोधणाऱ्यांनाच जाहिरात दिसेल अशी. नुसतं 'नोटबुक' अजिबात नको. लॅपटॉप शोधणारे येतील आणि पैसे खातील. नकारात्मक शब्दांत (जे शोधले तर जाहिरात दाखवायची नाही) लॅपटॉप, मोफत, पीडीएफ, 'कशी बनवायची'. मोहीम तयार करताना डिस्प्ले नेटवर्कची (इतर संकेतस्थळांवरच्या जाहिरातींची) खूण आधीच लावलेली असते, ती काढायची. ठिकाणाच्या पर्यायात 'तिथे असलेले' निवडायचं. नाहीतर त्या जागेत नुसता रस असलेल्यांनाही जाहिरात दिसते. आणखी एक : गूगल एखाद्या दिवशी ठरवलेल्या रकमेच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं, मर्यादा महिन्याच्या हिशोबाने पाळतं. दहा दिवसांच्या मोहिमेत एकूण खर्चावर लक्ष हवंच.

पानावरची दुरुस्ती मात्र पैसे लावण्याआधी. कुरिअरचा खर्च शेवटच्या पायरीवर दिसत होता. तिथूनच लोक परत जात होते. तो संचाच्या किमतीतच धरलेला असल्याने 'पोहोच खर्चासह' असं फोटोखालीच लिहिलं. वही हातात धरलेला एक फोटो, म्हणजे आकार कळतो. कागद किती जीएसएमचा (म्हणजे किती जाड) आणि फाउंटन पेनची शाई मागे उमटते का, हे एका ओळीत. वही घेणारा हेच विचारतो.

जुन्या ग्राहकांकडे तर ताईंनी पाहिलंच नव्हतं. ज्यांनी संदेश पाठवायला संमती दिली आहे त्यांना संचाची आधी खबर द्यायची. त्याला क्लिकचे पैसे पडत नाहीत. फक्त त्या दुव्याला वेगळा यूटीएम टॅग (ग्राहक कुठून आला ते सांगणारी खूण) लावायचा, नाहीतर ती विक्री कुठून आली ते कळत नाही आणि हिशोब पुन्हा फसतो.

राहिली रात्रीची धास्ती. "बघू नका" म्हणून कोणी थांबत नाही. काय बघायचं ते ठरवावं लागतं. दिवसातून एकदा, सकाळी, दोनच गोष्टी : एकूण खर्च आणि लोकांनी प्रत्यक्ष काय शोधलं त्याची यादी. यादीत भलता शब्द दिसला तर तो नकारात्मकमध्ये टाकायचा. बाकी काही हलवायचं नाही.

आणि निकालाचा नियम सुरू करण्याआधीच ताईंनी स्वतःच्या हाताने लिहिला : ३०० क्लिकांत ४ संच गेले तर ३६० भाग हाती, खर्च ३००, पुन्हा एक फेरी. ३ गेले तर थोडा तोटा. पान बदलून एकदाच आणखी प्रयत्न. २ किंवा कमी, तर संचाची शोध-जाहिरात थांबवायची आणि ते पैसे जुन्या ग्राहकांच्या पार्सलात घालायच्या नमुना-वह्यांवर लावायचे. तो कागद त्यांनी कामाच्या टेबलावर, दोऱ्याच्या रिळांशेजारी चिकटवला. पुढची भेट अकराव्या दिवशी सकाळी.