मुलाने म्युनिकमध्ये मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार घेतली आहे. बर्फात ती सुरक्षितपणे चालवता येते, की विकायला सांगावी?

आपण लिहिले आहे की मुलाने म्युनिकमध्ये जुनी माझदा एमएक्स-5 घेतली आहे, हा त्याचा तिथला पहिलाच हिवाळा आहे, आणि मागच्या चाकांवर चालणारी गाडी बर्फात हमखास फिरते असे एका नातेवाइकाने सांगितल्यापासून घरात सर्वांना काळजी लागून राहिली आहे. मीही सोलापूरचाच. नोकरीच्या निमित्ताने बरीच वर्षे स्टुटगार्टजवळ राहिलो आणि त्या काळात माझी रोजची गाडी मागच्या चाकांवर चालणारीच होती. त्या अनुभवावरून सांगतो की गाडी विकण्याची गरज नाही. मात्र टायर योग्य नसतील तर ती हिवाळ्यात घराबाहेर काढूच नये, आणि टायर योग्य असले तरी आपल्याकडे गाडी चालवताना लागलेल्या काही सवयी त्याने जाणीवपूर्वक बदलल्या पाहिजेत.

नातेवाइकाचे म्हणणे अगदीच निराधार नाही, आणि त्यातला खरा भाग समजून घ्यायला सोलापूर सोडावे लागत नाही. मोठा पाऊस होऊन गेल्यावर मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातल्या वाटेवर मोटारसायकल घातली तर काय होते, ते आपण पाहिले असेलच. सरळ रेषेत, बेताच्या रेसवर ती निमूटपणे जाते; पण वळताना रेस जरा वाढली की मागचे चाक बाजूला सरकते आणि हँडल एकीकडे, गाडी दुसरीकडे अशी अवस्था होते. मोटारसायकलची ताकदही मागच्याच चाकाला जाते. टायरची जमिनीवरची पकड ठरावीक असते आणि पुढे ढकलणे, थांबवणे व गाडीला वळणात धरून ठेवणे ही तिन्ही कामे तेवढ्याच पकडीतून भागवावी लागतात. मागच्या टायरने सगळी पकड ढकलण्यात खर्च केली, तर वळणात धरून ठेवायला काहीच उरत नाही.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत, पकड सुटली तर सहसा पुढची सुटते. गाडी वळायचे नाकारून सरळ जाऊ लागते, चालक घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढतो, आणि त्या घाबरण्याचाच फायदा होऊन बहुतेक वेळा गाडी पुन्हा वळू लागते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मात्र मागची बाजू सुटते, आणि तेव्हा झटकन पाय काढला तर ती आणखी सुटण्याची शक्यता असते. धोका आहे तो इथे. निम्म्याहून अधिक लोक ‘बर्फात रेस देऊ नकोस’ एवढाच सल्ला देतात. रेस सोडण्याबद्दल कोणी बोलत नाही.

पाय एकदम काढला की दोन गोष्टी होतात. गाडीचे वजन पुढे झुकते आणि मागची चाके हलकी होतात. त्याच क्षणी इंजिन गाडीला मागे ओढू लागते, आणि हे ओढणे फक्त मागच्या दोन चाकांवर येते. उतारावर तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यात येऊन क्लच पटकन सोडला, तर बर्फावर त्याचा परिणाम चालत्या गाडीत हँडब्रेक ओढल्यासारखाच होतो. सोलापूर-पुणे रस्त्यावर उतारात गिअर खाली घेणे ही चांगली सवय आहे, पण बर्फावर ती वळणाच्या मध्यात वापरायची नाही. उतार सुरू होण्याआधी, रस्ता सरळ असतानाच खालचा गिअर घ्यावा, क्लच सावकाश सोडावा आणि वेग कमी करायचा तो पायाच्या ब्रेकने, कारण ब्रेक चारही चाकांना लागतो आणि बहुतेक गाड्यांत त्याच्या मागे एबीएस, म्हणजे चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, असते. वळणात शिरण्यापूर्वी ब्रेकचे काम संपलेले असावे, वळणात अ‍ॅक्सिलरेटर अगदी हलका आणि स्थिर असावा, आणि स्टिअरिंग सरळ होत आल्यावरच तो हळूहळू वाढवावा. सुरुवात करताना दुसऱ्या गिअरमध्ये, जवळजवळ रेस न देता गाडी उचलली तर मागची चाके जागेवर फिरत नाहीत.

एवढे सगळे आत्मसात केले तरी टायर चुकीचे असतील तर उपयोग नाही, म्हणून टायरविषयी जरा सविस्तर लिहितो. स्पोर्ट्स कारला सहसा उन्हाळी टायर असतात आणि त्यांचे रबर साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली कडक होत जाते. सोलापुरात थंडीच्या पहाटेसुद्धा पारा सहसा त्याच्या वरच असल्यामुळे टायरचे असे काही असते हे आपल्या कोणाच्या ध्यानीमनी नसते. म्युनिकमध्ये मात्र नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तापमान बहुतांश काळ त्याखालीच असते. म्हणजे बर्फ न पडलेल्या कोरड्या, थंड रस्त्यावरही उन्हाळी टायर कमी पडतात. हिवाळी टायरचे रबर थंडीत मऊ राहते आणि त्याच्या ठोकळ्यांवर असंख्य बारीक चिरा असतात, ज्या बर्फाला पकडून धरतात. जर्मनीत रस्त्यावर बर्फ, गोठलेल्या पाण्याचा निसरडा थर किंवा बर्फाचा चिखल असेल तर असे टायर कायद्यानेच लागतात, आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून तीन शिखरांच्या पर्वतात हिमकण असे चिन्ह असलेलेच टायर त्यासाठी ग्राह्य धरले जातात. पूर्वी चालणारे नुसत्या ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) अक्षरांचे टायर आता चालत नाहीत. दंड 60 युरोपासून सुरू होतो. म्युनिकहून मित्रांबरोबर ऑस्ट्रियात जाणे अगदी सहज होते, आणि तिथे हिवाळी परिस्थितीत 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल हिवाळी टायरची सक्ती असते, शिवाय टायरच्या खाचा किमान 4 मिलिमीटर खोल असाव्या लागतात. जर्मनीतली कायदेशीर मर्यादा 1.6 मिलिमीटर आहे, पण बर्फासाठी ती फार अपुरी आहे. 4 मिलिमीटर हीच मर्यादा त्याने सगळीकडे पाळावी.

चारही टायर हिवाळी हवेत. ‘ताकद मागे जाते, मग मागचे दोनच बदलू’ असा विचार पैसे वाचवण्यासाठी मनात येऊ शकतो, पण तसे केल्यास गाडी जागेवरून निघेल छान आणि पुढे ना नीट वळेल, ना थांबेल. आणखी एक गोष्ट स्पोर्ट्स कारवाल्यांना पटायला जड जाते: बर्फासाठी रुंद टायरपेक्षा अरुंद टायर बरा, कारण तो बर्फावर तरंगण्याऐवजी त्यात रुतून खाली पोचतो. 2015 पासूनच्या एमएक्स-5 मध्ये 1.5 लिटरच्या गाडीला 195/50 आर 16 आणि 2 लिटरच्या गाडीला 205/45 आर 17 हे माप येते; यातला पहिला आकडा म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी. गाडीच्या कागदपत्रांत जी मापे मान्य असतील त्यांपैकी अरुंद माप त्याने हिवाळ्यासाठी निवडावे. तापमान 10 अंशांनी उतरले की टायरमधल्या हवेचा दाब साधारण 0.1 बारने कमी होतो, म्हणून थंडी पडल्यावर हवा पुन्हा तपासायला हवी.

आता वेगाविषयी. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक, म्हणजे पकडीचे माप, 0.8 च्या आसपास, दाबल्या गेलेल्या बर्फावर चांगल्या हिवाळी टायरसह 0.3 च्या आसपास आणि गोठलेल्या पाण्यावर 0.1 च्या आसपास धरला, तर ताशी 50 किलोमीटर वेगाने चाललेली गाडी ब्रेक दाबल्यापासून अनुक्रमे सुमारे 12, 33 आणि जवळपास 100 मीटरवर थांबते. चालकाला ब्रेक दाबायला लागणारा वेळ यात धरलेला नाही. हेच गणित ताशी 30 किलोमीटरला केले तर दाबलेल्या बर्फावर गाडी 12 मीटरमध्ये थांबते. म्हणजे कोरड्या रस्त्यावर 50 च्या वेगात जो भरवसा वाटतो, तोच बर्फावर 30 च्या वेगात मिळतो. ही गोष्ट पुढच्या, मागच्या किंवा चारही चाकांवर चालणाऱ्या प्रत्येक गाडीला सारखीच लागू आहे. उलट चारही चाकांची मोठी गाडी बर्फात इतकी सहज निघते की चालकाला रस्ता किती निसरडा आहे हे कळतच नाही, आणि ते कळते तेव्हा पुढचा सिग्नल जवळ आलेला असतो. मागच्या चाकांची गाडी निघतानाच इशारा देते. हा मला तिचा गुण वाटतो.

तरीही एखाद्या दिवशी मागची बाजू सुटेल. तेव्हा करायचे असते ते थोडेच, पण वाचून येत नाही. क्लच पूर्ण दाबायचा, म्हणजे मागची चाके ढकलणेही थांबवतात आणि ओढणेही. नजर समोरच्या झाडावर किंवा खांबावर न ठेवता जिथे जायचे आहे तिथे ठेवायची, आणि स्टिअरिंग त्या दिशेला वळवायचे. मागची बाजू पुन्हा पकड घेऊ लागली की स्टिअरिंग तितक्याच तत्परतेने सरळ करायचे, नाहीतर गाडी दुसऱ्या बाजूला आणखी जोरात फिरते. माझ्या पाहण्यात बहुतेक लोक पहिल्या घसरणीत सावरतात आणि या दुसऱ्या घसरणीत फसतात. याचा सराव करण्यासाठी जर्मनीत एडीएसी या मोटारचालकांच्या संस्थेची प्रशिक्षण केंद्रे आहेत. त्यांपैकी काही ठिकाणी जमिनीत एक लोखंडी पट्टी बसवलेली असते. पुढची चाके तिच्यावरून निघून गेली आणि मागची आली की ती अचानक डावीकडे किंवा उजवीकडे झटका देते. समोर पाण्याने भिजवलेला गुळगुळीत भाग असतो आणि अडथळे म्हणून पाण्याची कारंजी उडत असतात. प्रशिक्षक वायरलेसवरून सूचना देत असतो आणि त्यातली बहुतेक वेळा एकच असते: नजर वर. ताशी 30-40 किलोमीटर वेगातही गाडी किती झपाट्याने फिरते हे तिथे अंगाला कळते. मुलाने हिवाळ्याच्या सुरुवातीलाच आणि स्वतःच्याच गाडीत हे प्रशिक्षण घ्यावे, असा माझा आग्रह आहे. वाढदिवसाची भेट म्हणून आपणच त्याचे पैसे भरलेत तर फारच उत्तम.

गाडी कोणत्या सालची आहे हेही विचारून घ्या. 1989 ते 1997 या काळातल्या पहिल्या पिढीच्या एमएक्स-5 मध्ये गाडीला फिरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही. तशी, किंवा ही यंत्रणा नसलेली नंतरची गाडी असेल तर बर्फाच्या दिवशी ती घरी ठेवून मुलाने रेल्वेने किंवा ट्रामने कामावर जावे, असेच मी सांगेन. नव्या गाडीत ही यंत्रणा असते आणि ती बंद करण्याचे बटणही असते. ते बटण वापरण्याचा प्रसंग एकच: गाडी बर्फात रुतली आणि यंत्रणा चाके फिरूच देत नसेल, तेव्हा हलके मागेपुढे करून बाहेर निघेपर्यंत ती बंद करावी आणि निघाल्याबरोबर चालू करावी. डिकीत वाळूची पोती ठेवण्याचा सल्ला त्याला कोणीतरी नक्की देईल. तो मागून मोकळ्या असलेल्या पिकअपसाठी आहे. या छोट्या गाडीत पुढेमागे वजन जवळजवळ समान असते आणि डिकी मागच्या चाकांच्या पलीकडे असते, त्यामुळे तिथे वजन वाढवले तर सुटलेली बाजू आवरणे अधिक अवघड होते.

पुलांवर विशेष जपावे; त्यांच्या खालूनही गार वारा वाहत असल्याने ते रस्त्याच्या आधी गोठतात. आणि तापमान शून्याच्या अगदी जवळ असते तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो, म्हणून उणे दहापेक्षा शून्य अंशाचा बर्फ जास्त निसरडा असतो.

ही गाडी जमिनीपासून फार उंच नाही. ताजा बर्फ वीतभर साचला की तिचे पोट त्यावर टेकते आणि चाके नुसती फिरत राहतात. अशा दिवशी कितीही कौशल्य असले तरी गाडी काढू नये. वाटेत अडकून इंजिन चालू ठेवून ऊब घेण्याची वेळ आलीच, तर आधी खाली उतरून सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ हाताने दूर करावा आणि काही वेळाने पुन्हा पाहावा. नळी बुजली तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो, त्याला वास नसतो आणि माणसाला झोप लागल्यासारखे वाटून तो शुद्ध हरपतो. त्यासाठी गाडीत लहान फावडे, हातमोजे, टॉर्च आणि एक जाड पांघरूण कायम असू द्यावे. सोलापुरी चादर त्याच्याकडे असेलच.

आज फोन कराल तेव्हा नंबर प्लेटविषयीही विचारा. जर्मनीत अशा पुष्कळ गाड्यांची नोंदणी फक्त काही महिन्यांपुरती असते, आणि तसे असेल तर प्लेटच्या उजव्या कडेला महिन्यांचे दोन आकडे एकाखाली एक असतात. उदाहरणार्थ वर 04 आणि खाली 10 असेल तर गाडी एप्रिल ते ऑक्टोबर एवढीच रस्त्यावर चालते, आणि बाकीच्या महिन्यांत ती सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही. आधीच्या मालकाने ठेवलेली तशीच नोंदणी मुलाने पुढे चालवली असेल, तर या हिवाळ्याचा प्रश्न आपोआप मिटतो. तसे नसेल, तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच टायर बदलण्यासाठी गॅरेजची वेळ घ्यायला सांगा, कारण पहिला बर्फ पडला की सगळे शहर एकदम तिथे धावते आणि मग पुष्कळ दिवस वेळ मिळत नाही.