धुळीला भार चढतो, प्रभार नव्हे

डिचोलीच्या एका शिक्षिकेने विचारलंय : प्लाझ्मातल्या, म्हणजे ज्या वायूत इलेक्ट्रॉन आणि धन आयन सुटे फिरतात त्यातल्या, ‘चार्ज्ड’ धुळीला आवेशित म्हणावं, प्रभारित की भारित? आणि त्या धुळीमुळे होणाऱ्या ‘फ्लक्चुएशन्स’ना काय म्हणावं?

‘आवेशित’ हिंदीतून आलेलं. मराठीत आवेश वक्त्याला येतो, कणाला नाही. व्याख्यानांत ते सारखं ऐकून कान किटले. ‘प्रभार’ पाठ्यपुस्तकांनी रुजवला, तोही मला अमान्य. प्रभार म्हणजे सोपवलेलं काम, प्रभारी मुख्याध्यापकाकडे असतं तसं. एकदा सही झाली की ठरलं. धुळीच्या कणावर असं काही ठरलेलं नसतं.

प्लाझ्मात इलेक्ट्रॉन आयनांपेक्षा हलके आणि चपळ. ते कणावर आधी येऊन बसतात, म्हणून कण ऋण होतो. मायक्रॉनभर कणावर हजारो इलेक्ट्रॉन असू शकतात. मग कण पुढच्या इलेक्ट्रॉनांना लोटतो, आयनांना ओढतो आणि दोघांची आवक बरोबरीला येते. पण ही आवक सुट्या सुट्या थेंबांसारखी, वेळ-काळ न पाळणारी. सरासरी १०,००० इलेक्ट्रॉन असतील तर भार साधारण ५० ने मागेपुढे होत राहतो. त्यात प्लाझ्मातून लाट गेली की भोवतालची इलेक्ट्रॉनांची दाटी बदलते. कणाचा भारही बदलतो, पण जरा मागाहून. त्या उशिरापायी लाटेची ऊर्जा जिरते. म्हणजे भार चढतो आणि उतरतो.

आता हे गोंयकाराला का समजवायचं? आपल्याकडे देव अंगात आला की ‘भार येता’ म्हणतात! मांडावर, म्हणजे गावाच्या पवित्र जागेवर, ढोल-ताशांचा वेग वाढतो, आधी बोटं कापतात, मग खांदे, मग सगळं अंग. भार चढला म्हणतात, आणि थोड्या वेळाने उतरला. आवेश तरी काय, आ अधिक विश्, आत शिरणं. शब्द घडवणारा त्याच दारापाशी पोचला होता. पण आवेश कधी उतरत नाही, ओसरतो. चढ-उतार भारालाच शोभतात. पोर्तुगीजमध्येही ‘कार्गा’ म्हणजे ओझं आणि विद्युतभार, दोन्ही.

‘भारित म्हणजे जड असं वाटेल’ अशी शंका काही कोशप्रेमी काढतात. एकदा ‘विद्युत् भारित’ लिहा, पुढे नुसतं भारित. मराठीचा वाचक इतका मंद नाही.

आणि धूळ? संस्कृत धूलि, परंपरेने ‘धू’ धातूपासून. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ दिलाय : कम्पने. खनिजाचा ट्रक गेल्यावर उसगावच्या रस्त्यावर जी लाल धूळ थरथरत वर उठते, तिच्या नावातच कंप आहे. १९९० मध्ये राव, शुक्ला आणि यू या भौतिकशास्त्रज्ञांनी धुळीच्याच संथ ध्वनितरंगांचं भाकीत केलं आणि पुढे प्रयोगशाळेत ते दिसले, तेव्हा मला हा धातू आठवला होता.

राहिला दुसरा शब्द. ‘दोलन’ नको, ते ठरावीक लयीत झुलणं. फ्लक्चुएशनला ‘चढउतार’ लिहा.