तीन दिवस मुलगी वर्गात आली नाही तर?

काटोलहून आलेल्या त्या गृहस्थांनी कापडी पिशवीतून अकरावी-बारावीच्या कॉलेजांची नऊ माहितीपत्रकं काढली आणि माझ्या टेबलावर ओळीनं मांडली. सोबत मुलगी आणि तिचा मामा. मुलीला दहावीला ९३ टक्के, घरी संत्र्याची बाग. "मॅडम, पोरीला डॉक्टर व्हायचं आहे. ह्यातलं कोणतं कॉलेज घेतलं तर एमबीबीएस पक्कं होते, तेवढं सांगून द्या."

दहावीचा निकाल लागला की धंतोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न रोज येतो. 'पक्कं' असं कॉलेज नागपुरात नाही, कुठंच नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगते. पण प्रश्नामागची काळजी अगदी खरी असते. दोन वर्षांचा खर्च, आणि पहिल्यांदाच घराबाहेर राहणारं सोळा वर्षांचं लेकरू.

मामांचा कल राजस्थानातल्या कोटा शहरातल्या कोचिंगकडे होता. तिथलं वातावरणच वेगळं, म्हणाले. मी त्यांना आधी एक व्यवहाराची गोष्ट सांगितली. सरकारी मेडिकल कॉलेजांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या लागतात. बारावी राजस्थानातून केली, तर मुलगी उरलेल्या १५ टक्क्यांच्या देशभरच्या रांगेत उभी राहते. मामा गप्प झाले. हा नियम अनेकांना बारावीनंतर कळतो, तेव्हा हातात काहीच उरलेलं नसतं.

मग मी दोघांना बाहेर बसायला सांगितलं आणि मुलीशी बोलले. डॉक्टर व्हायचं कुणाच्या मनात आहे, हे मला तिच्याच तोंडून ऐकायचं होतं. आजी मेडिकलच्या रुग्णालयात भरती होती तेव्हा ती आठ दिवस वॉर्डात राहिली होती. तिथल्या निवासी डॉक्टर ताई रात्री दोन वाजताही आजीला नावानं हाक मारायच्या, हे तिनं सांगितलं. इच्छा तिचीच होती. भीती कशाची वाटते, विचारलं. मला वाटलं, फिजिक्स म्हणेल. ती म्हणाली, "मागे पडले तर घरी कसं सांगू, याची."

तिचं हे वाक्य ऐकलं आणि मला काही वर्षांपूर्वीचा एक मुलगा आठवला. त्याचं नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर होतं, दिवसभर तो बसायचा कोचिंगमध्ये. दिवाळीच्या सुमाराला चाचण्यांत घसरला, पहिल्या बॅचमधून चौथ्या बॅचमध्ये टाकला गेला आणि त्यानं जाणंच सोडलं. सकाळी खोलीवरून दप्तर घेऊन निघायचा, अंबाझरी तलावावर बसायचा, संध्याकाळी परत. एकोणीस दिवस. कॉलेजला वाटत होतं तो कोचिंगला आहे, कोचिंगला वाटत होतं कॉलेजची प्रॅक्टिकल सुरू असतील. आईवडिलांना कळलं ते फीचा पुढचा हप्ता भरायला आले तेव्हा. तो सावरला, पण वर्ष गेलं आणि त्याचा स्वतःवरचा विश्वासही बराचसा गेला. नुसत्या कागदावरच्या प्रवेशाला माझा ठाम विरोध आहे, तो तेव्हापासून. राज्य मंडळाचा ७५ टक्के हजेरीचा नियम आहेच. पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती ही, की अशा व्यवस्थेत पोर हरवलं तर शोधायची जबाबदारी कुणाचीच नसते.

वडिलांना आत बोलावलं आणि म्हटलं, माहितीपत्रकं बाजूला ठेवा, कॉलेजं पाहून या. आणि जिथं जाल तिथं एकच प्रश्न आधी विचारा: माझी मुलगी तीन दिवस वर्गात आली नाही, तर कुणाच्या लक्षात येईल आणि मला कोण फोन करेल? त्या माणसाला भेटूनच या.

कॉलेजच्या निकालाच्या फलकावर फोटो असतात ते मेडिकलला लागलेल्यांचे. अकरावीला किती जण बसले होते, त्यातले किती बारावीपर्यंत टिकले, हे विचारायला सांगितलं. खालच्या बॅचला शिकवायला कोण असतं, वरच्या बॅचचेच शिक्षक की दुसरे, आणि खाली गेलेलं मूल परत वर येऊ शकतं का, हेही. मेडिकलच्या प्रवेशासाठीच्या नीट परीक्षेत १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे, ४५ फिजिक्सचे, ४५ केमिस्ट्रीचे, एकूण ७२० गुण. चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. अशा परीक्षेच्या सरावात बहुतेक मुलं कधी ना कधी खाली येतातच. त्या आठवड्यात कॉलेज त्यांच्याशी कसं वागतं, हे मला निकालाच्या फलकापेक्षा महत्त्वाचं वाटतं. समुपदेशक आहे का, तेही विचाराच. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी तो नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयानंच जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे.

प्रयोगशाळेचं तर त्यांना मुद्दाम सांगितलं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत प्रत्येकी ३० गुण प्रॅक्टिकलचे. सूक्ष्मदर्शकावर धूळ आहे का, एवढं पाहिलं तरी पुरतं.

आठवडाभरानं ते परत आले तेव्हा पिशवीत माहितीपत्रकं नव्हती, एक वही होती. चार कॉलेजं पाहिली होती. सगळ्यात मोठा फलक असलेल्या ठिकाणी प्रश्न ऐकून काउंटरवरचा मुलगा म्हणाला होता, "ऑटोमॅटिक एसएमएस जातो." कोणत्या नंबरवर, कोण पाठवतं, हे त्याला सांगता आलं नाही. दुसऱ्या ठिकाणी प्रयोगशाळेची किल्लीच सापडेना. एका जुन्या, साध्या इमारतीतल्या कॉलेजात मात्र बायोलॉजीच्या मॅडम स्टाफरूममधून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तीन दिवस कशाला? दुसऱ्या तासाला दिसली नाही तर दुपारी मीच फोन करते." त्यांनी मुलीला तिथंच विचारलं, कोणता धडा आवडतो. ती दहा मिनिटं बोलत होती म्हणे, वडिलांनी तिला बाहेरच्या माणसाशी इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

अडचण होतीच. त्या कॉलेजातून मेडिकलला लागणाऱ्यांचा आकडा लहान होता, आणि नीटच्या तयारीसाठी संध्याकाळचा वेगळा वर्ग लावावा लागणार होता. मामांना ते पटलं नाही. मी मुलीला सांगितलं, दोन वर्षांचा अभ्यास तुलाच करायचा आहे, तो कोणतंही कॉलेज करून देत नाही. निर्णयही तूच घे. ऑनलाइन अर्जात तिनं पहिला पसंतीक्रम त्याच कॉलेजला दिला. वर्ग आणि वसतिगृह एकाच बाजूला निवडलं, म्हणजे जाण्यायेण्यात रोजचे दोन तास जाणार नाहीत.

अकरावीच्या पहिल्या सत्रात फिजिक्समध्ये ती जेमतेम पास झाली. तिनं ते घरी सांगितलं, त्याच दिवशी. वडिलांनी मला फोन करून विचारलं, आता काय बोलू तिला? म्हटलं, काही नका बोलू, जेवली का विचारा.

जानेवारीत एकदा त्यांचा पुन्हा फोन आला, एसटीतून बोलत होते, मागे इंजिनाचा आवाज. मुलीला ताप होता, मेसचं जेवण जात नव्हतं, दोन दिवस ती खोलीतच होती आणि घरी काळजी नको म्हणून तिनं कळवलं नव्हतं. ते तिला आणायला नागपूरला निघाले होते.

"तुम्हाला कसं कळलं मग?" मी विचारलं.

"बायोलॉजीच्या मॅडमचा फोन आला ना," ते म्हणाले. "काल दुपारीच आला होता, मी बागेत होतो, उचलला नाही. आज सकाळी त्यांनी पुन्हा केला."