वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या मुलीला लॅटिनविषयी

चि. विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

वर्गीकरणशास्त्रात काम करायचं ठरवलंस, तर लॅटिन शिकच. बुद्धीला धार येते वगैरे कारणांसाठी नव्हे. 1935 पासून 2011 अखेरपर्यंत नव्या सपुष्प वनस्पतीचं नाव ग्राह्य धरायला लॅटिन वर्णन सक्तीचं होतं. 2012 पासून इंग्रजीही चालतं, पण सह्याद्रीतल्या कितीतरी जातींचं मूळ वर्णन लॅटिनमध्येच आहे. हर्बेरियममधला (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातला) नमुना त्याच्याशी ताडायचा, तर दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबून भागत नाही.

शाळेत संस्कृत घेतलं असशील तर विभक्ती तुला नव्या नाहीत. फक्त लॅटिनला वेगळी तृतीया नाही. तिचं काम पंचमीच करते. वनस्पतींच्या शास्त्रीय नामकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसची वर्णनं याच विभक्तीत आहेत. ‘फोलिईस कॉर्दातीस’ म्हणजे ‘हृदयाकृती पानांनी युक्त’. नवखे इथे कर्ता आणि क्रियापद शोधत बसतात. दोन्ही नसतात, वर्णनाच्या आधी दिलेल्या वनस्पतीच्या नावालाच हे सगळं लागू होतं.

म्हणून क्रियापदं मागे ठेव. रोज अर्धा तास नामं आणि विशेषणं कर. नाम पाठ करताना प्रथमा आणि षष्ठी जोडीनं घे: फ्लोस–फ्लोरिस (फूल), रादिक्स–रादीकिस (मूळ). शब्दाचं खरं अंग षष्ठीत दिसतं. नुसतं ‘फ्लोस’ पाठ असेल, तर ‘फ्लोरिबुस’ समोर आल्यावर कोशात काय शोधायचं तेच कळत नाही.

लिंगाचीही गफलत होते. ‘फायकस’ शेवटावरून पुल्लिंगी वाटतं, पण लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी. म्हणून पिंपळ ‘फायकस रिलिजिओसा’ आणि उंबर ‘फायकस रेसिमोसा’. सारख्या दिसणाऱ्या विशेषणांना तर फार जपायचं: ‘लिनेआतुस’ म्हणजे रेघा असलेलं, ‘लिनेआरिस’ म्हणजे अरुंद, समांतर कडांचं. यांची अदलाबदल झाली की ओळखच चुकते.

क्रियापदं आली की ‘हॉर्तुस मालाबारिकुस’ उघड. 1678 ते 1693 या काळात 12 खंडांत छापलेला हा लॅटिन ग्रंथ मलबारच्या वनस्पतींचा आहे. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोकणी वैद्यांनी त्याला मदत केली. त्यांचं नागरी लिपीतलं निवेदनही त्यात आहे. आपल्याकडच्या वनस्पतींच्या अभ्यासकानं हे मुळातून वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

या आठवड्यात पिंपळापासून सुरुवात कर. पान हातात घेऊन आधी स्वतः चार विशेषणं लिही, मग लिनियसचं 1753 चं वर्णन काढून ताडून बघ.

कळावे.