बीकेसीला रुजू होण्याआधी

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज नीट वाचला. डोंबिवलीहून बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नव्या ऑफिसला, रोज जायचं कसं, यासाठी तू पाच पर्याय काढलेस: लोकलचा सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, एसी लोकल, स्कूटी, नाहीतर सरळ चेंबूर-कुर्ल्याकडे पीजी. प्रत्येकापुढे वेळ आणि महिन्याचा खर्च मांडलास. काम चोख केलंयस. तरी त्यात एक रकाना राहिलाय आणि मी तो सगळ्यात आधी बघते: संध्याकाळी घरात पाऊल टाकशील तेव्हा तुझ्यात किती जीव शिल्लक असेल?

नोकरी लागली म्हणून शिकणं थांबवायचं नाही, पुढची परीक्षा द्यायची, गाण्याचा क्लासही सोडायचा नाही, असं तूच म्हणालीस. हे सगळं रात्री आठनंतरच्या वेळेत बसवायचंय. माझ्या बरोबरीच्या कितीतरी हुशार मुली कामात कुठेच कमी नव्हत्या. घरी येऊन पाठ टेकली की उठवत नसे, म्हणून त्यांचं पुढचं शिकणं राहून गेलं. ते मी जवळून पाहिलंय आणि तुझ्या बाबतीत ते होऊ नये असं मला फार वाटतं.

म्हणून माझं सांगणं असं, की सकाळचा प्रवास स्वस्तात आणि साधेपणानं उरक. पैसा, डोकं, ओळखीपाळखी, जे काही खर्चायचं ते परतीच्या प्रवासावर खर्च. सकाळी झोप झालेली असते, अंगात जोर असतो. संध्याकाळी त्याच गर्दीत दुप्पट दमायला होतं.

आता सकाळचं. फास्टच्या मागे लागू नकोस. कर्जत, कसारा, बदलापूरकडून येणाऱ्या फास्ट गाड्या डोंबिवलीला पोचतात तेव्हाच दारापर्यंत भरलेल्या असतात. तू डोंबिवलीहून सुटणारी स्लो पकड. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा असं करत जाते, कुर्ल्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतील, पण बसायला मिळण्याची आशा असते. आशा म्हणते, कारण ही गाडी मुंबईकडून येते तेव्हा कोपर-दिव्याच्या बायका तिच्यात उलट दिशेनं येऊन आधीच बसलेल्या असतात. तरीही दहा मिनिटं आधी जाऊन उभी राहिलीस तर दहातले सात-आठ दिवस निदान चौथी सीट, म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला टेकायची जागा, मिळेल. घरून दहा मिनिटं लवकर निघणं आणि तासभर उभं राहणं, यातलं काय परवडतं ते तूच ठरव.

लेडीज डबा कुठे थांबतो हे पहिल्या आठवड्यात बघून ठेव. मुंबईकडचा, मधला आणि कल्याणकडचा असे लेडीज डबे असतात. कुर्ल्याला पश्चिमेकडचा पूल ज्या डब्यासमोर जवळ पडतो तोच डबा रोजचा धर. आत शिरल्यावर बसलेल्या बाईला ‘कुठे?’ एवढंच विचारायचं. ती ‘ठाणा’ म्हणाली की ती जागा तुझी. मग दुसरी कुणी तिला विचारेल तेव्हा ती तुझ्याकडे बोट दाखवते, आणि हा शब्द सहसा कुणी मोडत नाही. उतरतानाही असंच आहे. घाटकोपर गेलं की दाराकडे सरकायला लाग. पुढच्या बाईला ‘कुर्ला?’ विचार. ती उतरणार असेल तर तिच्या पाठीमागे लागून उभी राहा, उतरणार नसेल तर तिच्याशी जागा बदलून घे. हे घाटकोपर ते विद्याविहारच्या मधेच झालं पाहिजे. कुर्ला आल्यावर उठलीस तर चढणारा लोंढा तुला उतरू देणार नाही, थेट शीवला पोचशील.

चार-सहा महिन्यांत त्या डब्यात तुझा एक ग्रुप होईल. होऊ दे. कानात हेडफोन घालून बसायचा मोह होतो, पण रोजच्या गाडीतल्या त्या बायका तुला ऑफिसातल्या कुणाहीपेक्षा आधी उपयोगी पडतील. चक्कर आली, गाडी बंद पडली, घरून वाईट फोन आला, तर धावून येतात त्या. माझ्या ग्रुपमधल्या दोघी आजही माझ्या घरच्या कार्याला पहिल्या पंगतीला असतात.

कुर्ला ते ऑफिस हा टप्पा मात्र तुझ्या तक्त्यात फार सोपा धरलायस. ‘कुर्ला ते बीकेसी, १५ मिनिटं’ असं तू लिहिलंयस. रस्ता मोकळा असेल तेव्हा ते खरं आहे. सकाळी नऊच्या सुमाराला पश्चिमेला उतरलीस की शेअर रिक्षाची रांग, तिच्यात घुसणारे, भाड्यावरून हुज्जत आणि पुढे सिग्नलला अडकलेली वाहनं, हे सगळं त्यात धरायला हवं. बेस्टची बस मला त्यातल्या त्यात बरी वाटते. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं साध्या बसला ५ वरून १० आणि एसीला ६ वरून १२ रुपये झालं, तरी शेअर रिक्षापेक्षा बसच स्वस्त पडते आणि हुज्जत नसते. ऑफिस बीकेसीच्या नेमक्या कोणत्या ब्लॉकमध्ये आहे तेही विचारून घे. बीकेसी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला लागलीस की कळतं ते केवढं आहे.

संध्याकाळी हाच रस्ता उलटा धरू नकोस. सहा ते साडेआठच्या दरम्यान कुर्ल्याला येणारी प्रत्येक गाडी सीएसएमटी आणि दादरलाच भरून आलेली असते. तिथे चढायचं म्हणजे ठाण्यापर्यंत एका पायावर. तुझ्यासाठी मला दिसणारा चांगला मार्ग मेट्रो ३चा आहे. बीकेसीहून दादर, मधे फक्त धारावी आणि शीतलादेवी. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही भुयारी मेट्रो आरेपासून बीकेसीपर्यंतच सुरू झाली होती, मे २०२५ मध्ये ती पुढे वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. आमच्या वेळी हे असतं तर माझ्या कितीतरी संध्याकाळी वाचल्या असत्या. मेट्रोचं दादर स्टेशन पश्चिमेला आहे. तिथून बाजारातून चालत येऊन रेल्वेच्या पुलावर चढायचं. डिसेंबर २०२३ पासून दादरच्या फलाटांना सलग आकडे आहेत, पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि आपल्या मध्य रेल्वेचे ८ ते १४, त्यामुळे जुन्या माणसांना विचारशील तर ते जुना नंबर सांगतील, पाटी बघ. तिथून दादरहूनच सुटणारी गाडी पकड. वेळापत्रकात दादरहून सुटणाऱ्या गाड्या वेगळ्या दाखवलेल्या असतात, त्यातल्या डोंबिवलीला थांबणाऱ्या दोन-तीन हेरून ठेव आणि ऑफिसातून निघायची वेळ त्यांच्यावर बसव. घरी पोचायला कुर्ल्यापेक्षा थोडा उशीर होईल, मेट्रोचे पैसे वेगळे जातील. पण तास-सव्वातास बसून येशील, वाचशील, डुलकी काढशील आणि जेवल्यावर गाण्याला बसण्याइतकी ताजी असशील. या एका गोष्टीवर महिन्याला जे काही जाईल ते मला सगळ्यात सार्थकी लागलेलं वाटेल.

त्यामुळे पास कुर्ल्यापर्यंतचा काढू नकोस, दादरपर्यंतचा काढ. मधल्या कुर्ल्याला उतरता येतंच. सकाळी कधी कल्याणला उलटं जाऊन बसून यायचा विचार असेल तर पास कल्याणपासूनचा हवा. डोंबिवलीच्या पासावर उलटं गेलीस आणि टीसीनं धरलं तर तो विनातिकीट प्रवासच. पहिला पास एक महिन्याचाच काढ, मार्ग बदलावासा वाटला तर पैसे अडकायला नकोत. मग मार्ग बसला की तीन महिन्यांचा. तो महिन्याच्या पासाच्या २.७ पट पडतो, म्हणजे दर तिमाहीला थोडी बचत आणि खिडकीवरची एक रांग कमी.

फर्स्ट क्लासचं म्हणशील तर पहिल्या वर्षी नको. लेडीज फर्स्ट क्लासचा डबा इवलासा असतो, गर्दीच्या वेळी तिथेही उभंच राहावं लागतं आणि पास सेकंडच्या कितीतरी पट महाग. एसी लोकलची गोष्ट वेगळी आहे. २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली तेव्हा भाडी फार होती, मे २०२२ मध्ये सुट्या तिकिटांचे दर निम्म्यापर्यंत उतरवले. पासाचे दर तसे उतरले नाहीत. म्हणून एसीचा पास काढू नकोस, पण तब्येत बरी नसेल, पाळी असेल, दिवस वाईट गेला असेल, तेव्हा वेगळं तिकीट काढून एसीनं ये. त्यासाठी दर महिन्याला थोडे पैसे बाजूला काढून ठेव आणि खर्च करताना मन मारू नकोस.

एसी लोकलची दारं बंद होतात, हे मला तिच्या गारव्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं. ९ जून २०२५ ची सकाळ तुला आठवत असेल. मुंब्र्याजवळ दोन गाड्या शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि त्याच दिवशी चौघांचा जीव गेला. आपल्याच मार्गावरची, आपल्याच वेळेची माणसं. त्यानंतर साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारी दारं बसवायचं रेल्वेनं जाहीर केलं, पण आज तू ज्या गाडीत चढशील तिचं दार उघडंच असणार. तेव्हा हे मी विनवून सांगते: दारात उभी राहू नकोस, हवेसाठी नाही, फोनला रेंज यावी म्हणून नाही, उतरायला सोपं जावं म्हणून तर मुळीच नाही. सुटलेली गाडी पळत पकडायची नाही. रूळ ओलांडायचे नाहीत, पुलावर कितीही गर्दी असो. आणि पुलावर रेटारेटी सुरू झाली, पुढे काय चाललंय ते दिसेनासं झालं, तर जिन्यावर न चढता खालीच थांब. २९ सप्टेंबर २०१७ ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, आताच्या प्रभादेवी स्टेशनच्या जिन्यावर पावसात अडकलेली २३ माणसं चेंगराचेंगरीत गेली. लेट मार्क लागला तर लागू दे. तुझ्या साहेबांशी मी बोलेन वाटल्यास.

स्कूटीचं लवकर उरकते. माणकोलीचा पूल झाल्यापासून डोंबिवलीहून ठाणं जवळ आलं हे खरं, आणि दुचाकीला टोल कधी नव्हताच. पण रोजचे जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर, कंटेनर-ट्रकांच्या बाजूनं, पावसाळ्यात खड्ड्यांतून? नाही. स्कूटी घे, पण घर ते स्टेशनपुरती. रात्री उशिरा आलीस तर रिक्षावाल्यांच्या मिनतवाऱ्या करायला नकोत.

पीजीचा निर्णय सहा महिने पुढे ढकल. आत्ता तुला कामाच्या खऱ्या वेळा माहीत नाहीत. कागदावर साडेनऊ ते साडेसहा असतं, पण तुझी टीम रात्री नऊपर्यंत बसणारी निघाली तर हिशेबच बदलतो. रोज साडेदहानंतर घर दिसत असेल तर खुशाल जवळ खोली घे, आईची समजूत मी घालेन. आणि वेळा ठीक असतील तर घरचं जेवण आणि वाचलेलं भाडं दोन्ही तुझ्या पुढच्या शिक्षणाला लागतील.

यावरून आठवलं, रुजू व्हायच्या आधीच एचआरला विचारून घे: वेळ तासभर अलीकडे सरकवता येईल का, आठवड्यातून एखादा दिवस घरून काम करता येईल का. मुली हे विचारायला लाजतात, नोकरी लागायच्या आधीच सवलती मागते असं वाटेल म्हणून. कुणालाही तसं वाटत नाही. साडेआठ ते साडेपाच मिळालं तर सकाळी आणि संध्याकाळी दोन्हीकडे गर्दीचा कडेलोट व्हायच्या आत तू पार झालेली असशील. वर मी जे सगळं लिहिलंय त्यापेक्षा ही एक परवानगी जास्त मोलाची ठरेल.

पावसाळ्यात ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कपड्यांचा एक जोड, टॉवेल, चपला, चार्जर आणि सुका खाऊ ठेव. कुर्ला-शीवच्या मधे पाणी साचलं की मध्य रेल्वे अडकते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा जी माणसं ऑफिसातच थांबली ती सुखरूप राहिली आणि जी घराच्या ओढीनं पाण्यात उतरली त्यांच्यातली काही परतली नाहीत. तशी वेळ आली तर निघू नकोस, आईला फोन कर आणि जिथे आहेस तिथेच थांब. चेंबूरला माझी बहीण राहते, तिचा नंबर तुला पाठवते. दुपारीच पाणी भरायला लागलं आणि तिच्याकडचा रस्ता मोकळा असेल तर रात्री तिच्याकडे जा.

आणि रुजू व्हायच्या आधी एकदा हा सगळा प्रवास करून बघू. रविवारी नको, मेगाब्लॉक असतो आणि गर्दीचा अंदाजही येत नाही. येत्या बुधवारी मी मोकळी आहे. सकाळी ऑफिसच्याच वेळेला निघू, कुर्ल्याहून बसनं तुझ्या इमारतीच्या दारापर्यंत जाऊ, दिवसभर मी दादरला माझी कामं उरकते, संध्याकाळी तू मेट्रोनं ये आणि दादरहून सुटणारी गाडी दोघी मिळून शोधू. पाठीवरची सॅक आणू नकोस, पुढे धरता येईल अशी खांद्याची बॅग आण. बुधवार जमतो का ते आजच कळव.

तुझी,
काकू